उघड्या टपाच्या गाडीत खंजिरी नीट ऐकू यावी म्हणून

गाडी टिनाच्या शेडमध्ये उभी असताना खंजिरीचं भजन लावलं, की कातड्यावर पडणारी बोटं वेगळी ऐकू यायची, चकत्यांची किणकिण वेगळी आणि गाणाऱ्याचा भरदार आवाज वेगळा. तीच गाडी दारव्ह्याबाहेर पडून यवतमाळच्या रस्त्याला लागली आणि काटा सत्तरवर गेला, की उरायची फक्त किणकिण. गाणारा माणूस गाडीतून उतरून गेल्यासारखा वाटायचा. भाचा म्हणाला, "मामा, गाणं आयकूच येत नाई ना जी. मोठ्ठं मशीन लावून द्या ना." मी म्हटलं, "मशीन कायले पाह्यजे? पयले गाडी त चूप करू."

मी तीस वर्षं मंडप-लाउडस्पीकरच्या धंद्यात आहे. लग्नं, भागवत सप्ताह, शंकरपट, पोळा, सगळीकडे भोंगे बांधले. आमच्याकडे 'मशीन' म्हणजे अँप्लिफायर, आणि आवाज कमी पडला की गिऱ्हाईक मोठंच मशीन मागतं. मोकळ्या मैदानात ते बऱ्याच वेळा बरोबरही असतं. गाडीत मात्र हे गणित उलटं पडतं. ते का, हे इथं सावकाश सांगतो, कारण भाच्यासारखी मुलं आता गावोगावी आहेत. हौसेनं जुनी छोटी स्पोर्ट्स गाडी नाही तर कापडी टपाची जीप घेतात, आणि पहिले चाळीस हजार मशीन आणि बेसच्या डब्यावर घालवून बसतात.

भाच्याची गाडी सॅन स्टॉर्म आहे. अनेकांनी ती पाहिलीही नसेल. ही दोन सीटची, उघड्या टपाची गाडी गोव्यात बनायची. इंजिन रेनोचं, ११४९ सीसीचं, ताकद साठ हॉर्सपॉवरच्या घरात, आणि बॉडी फायबरची. वजनानं हलकी, जमिनीला चिकटून चालणारी, वळणावर हसू आणणारी गाडी. तिच्यात बसलं की इंजिन, रस्ता आणि वारा तिघंही तुमच्याशी एकदम बोलतात. ती बनवलीच तशी आहे, त्यामुळे तिला बंद काचांच्या मोठ्या गाडीसारखी शांत करायचा हट्ट मी धरला नाही. कोणता आवाज मारता येतो, कोणता चुकवता येतो आणि कोणता तसाच राहणार, एवढं आधी वेगळं करून घेतलं.

गोंगाट कुठून येतो

आधी डेसिबल समजून घेऊ, कारण त्याशिवाय पुढचा खर्च समजणार नाही. डेसिबलची बेरीज पोत्यांसारखी होत नाही. ७० डेसिबलचे दोन आवाज एकत्र आले तर १४० होत नाहीत, ७३ होतात. ताकद दुप्पट झाली की ३ डेसिबल वाढतात, दहापट झाली की १०. आणि माणसाच्या कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. म्हणजे १५ वॉटवर जेवढं ऐकू येतं त्याच्या दुप्पट हवं असेल, तर ३० वॉट पुरत नाहीत, १५० लागतात. त्याच्याही दुप्पट हवं असेल तर १५००. तेवढं मशीन गाडीची बॅटरी ओढणार नाही आणि दारातला सहा इंची स्पीकर क्षणात जळेल.

आता हेच गणित गोंगाटाला लावा. समजा चालत्या गाडीत वाऱ्याचा आवाज ८० डेसिबल आहे, टायरचा ७४ आणि इंजिनचा ७०. तिन्ही मिळून होतात ८१.३. आता तुम्ही भरपूर पैसे घालून इंजिनचा आवाज पूर्ण बंद केला असं धरा. एकूण किती उरेल? ८१. सगळी मेहनत ०.३ डेसिबलसाठी, आणि तेवढा फरक कानाला कळतही नाही. म्हणून जो आवाज सगळ्यात मोठा, त्याच्याच मागे आधी लागायचं. बाकीच्यांना तोवर हात लावायचा नाही.

सगळ्यात मोठा कोणता, हे ओळखायला यंत्र लागत नाही. भाच्याला मी पहाटे रिकाम्या सरळ रस्त्यावर घेऊन गेलो. आधी गाडी उभी ठेवून इंजिन ३००० फेऱ्यांवर धरलं. तो झाला निव्वळ इंजिनचा आवाज. मग टप आणि काचा लावून साठनं चाललो, पुढे-मागे कोणी नाही हे पाहून गाडी न्यूट्रल केली, इंजिन मंद चालू ठेवलं आणि कान दिला. उरले ते टायर आणि वारा. मग शेजारच्या सीटवरून मी काचेच्या वरच्या कडेला तळहात धरला. एका जागी हात ठेवल्याबरोबर शिट्टी थांबली. वारा तिथूनच आत घुसत होता.

वेगाचा हिशोबही लक्षात ठेवण्यासारखा आहे. वेग दुप्पट झाला की टायरचा आवाज साधारण ९ ते १२ डेसिबलनं वाढतो, वाऱ्याचा १५ ते १८ डेसिबलनं. म्हणून गावातल्या गावात इंजिन मोठं वाटतं, चाळीस-पन्नासला टायर आणि ऐंशीच्या पुढे वारा. दुकानासमोर उभ्या गाडीत ऐकून सिस्टीम पसंत करणं म्हणजे अंधारात टॉर्चचा उजेड पाहून ती दुपारच्या उन्हासाठी घेणं.

दुसरी गोष्ट, गोंगाट आणि गाणं यांची पट्टी. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेरीला दोन स्फोट होतात. ३००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला १०० स्फोट. १०० हर्ट्झ. ४५०० फेऱ्यांवर १५०. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर नेमका याच टापूत असतो. म्हणजे गाणाऱ्याच्या छातीतला सूर इंजिन खातं. टायरचा आवाज हजार हर्ट्झच्या आसपास दाट असतो, आणि शब्द कळायला लागणारी व्यंजनं साधारण हजार ते चार हजारांत असतात. म्हणजे शब्द टायर खातो. वर उरतात खंजिरीच्या चकत्या, कारण त्यांची किणकिण या दोन्हींच्या वर आहे. भाच्याच्या गाडीत गाणारा हरवून किणकिणच का उरायची, ते यावरून कळेल.

त्यात कानाचीही एक सवय आहे. खालच्या सुराचा मोठा आवाज त्याच्या लगतच्या वरच्या सुराला झाकतो, फार वरच्याला कमी झाकतो. उलट, वरचा सूर खालच्याला तेवढा झाकत नाही. मळणीयंत्र चालू असताना शेजारच्या गड्याचं बोलणं कळत नाही, पण धुऱ्यावरून पोराची हाक बरोबर कानावर येते, ते त्यामुळेच. म्हणून खालची घरघर थोडी जरी कमी केली, तरी वरचं पुष्कळ काही मोकळं होतं.

घागर, गोधडी आणि भिंत

बाजारात 'साउंडप्रूफिंग' या एका शब्दाखाली तीन वेगवेगळी कामं विकली जातात, आणि लोक एका कामाचा माल दुसऱ्या कामाला लावतात.

पहिलं काम थरथर थांबवण्याचं. रिकाम्या तांब्याच्या घागरीवर टिचकी मारा, ती घणघणत राहते. घागरीच्या पोटावर नुसता तळहात ठेवून टिचकी मारा, आवाज तिथंच मरतो. हाताचं वजन किती, याला महत्त्व नाही. हात थरथर पिऊन टाकतो. गाडीच्या पत्र्यावर चिकटवायची ब्युटाईल रबराची शीट, वर ॲल्युमिनियमचा पातळ थर असलेली, हेच काम करते. अख्खी घागर हातांनी झाकावी लागत नाही, तसा सगळा पत्राही झाकावा लागत नाही. पत्र्याच्या मधोमध, साधारण पाव भागावर शीट बसली तरी बहुतेक घणघण जाते.

दुसरं काम आवाज शोषण्याचं. भरल्या घरात बोललं तर आवाज घुमत नाही, रिकाम्या घरात घुमतो. गोधड्या, गाद्या, कपडे तो पितात. गाडीत हे काम फोम आणि फेल्ट करतात. पण फोम हलका असतो. वरचा सूर तो पितो, खालची घरघर त्यातून आरपार जाते.

तिसरं काम अडवण्याचं, म्हणजे भिंतीचं. तिथं वजनाशिवाय इलाज नाही. भिंतीचं वजन दुप्पट केलं की जास्तीत जास्त ६ डेसिबल जास्त अडतात. आणि भोक असेल तर सगळं वाया. भिंतीचा शंभरातला एक भाग जरी उघडा राहिला, तरी बाकीची भिंत कितीही जाड असो, २० डेसिबलच्या वर अडवणूक होत नाही. भोक बुजवायला दहा रुपयांचं रबर लागतं, म्हणून सुरुवात तिथून.

फायबरच्या गाडीत इथंच फरक पडतो, आणि दुकानदार तो सांगत नाहीत. ०.८ मिलिमीटरचा लोखंडी पत्रा चौरस मीटरला सव्वासहा किलो भरतो. ३ मिलिमीटरचं फायबर साडेचार-पाच किलोच भरतं. म्हणजे फायबर पत्र्यासारखं घणघणत नाही, पण हलकं असल्यामुळे बाहेरचा आवाज जास्त आत सोडतं. त्याला घागरीवरच्या हाताची गरज कमी, भिंतीची गरज जास्त. लोखंडी गाडीसाठी लिहिलेला सल्ला तसाच उचलून सगळ्या फायबरवर महागडी ब्युटाईल शीट चिकटवली, तर पैसे जातील आणि शांतता येणार नाही.

आम्ही इंजिन आणि सीट यांच्यामधल्या भिंतीपासून सुरुवात केली. क्लच केबल, स्टिअरिंगचा दांडा आणि वायरचे जुडगे जिथून आत येतात, तिथली रबरं वाळून तडकली होती. एका भोकातून तर दिवसा उजेड दिसत होता. नवे ग्रोमेट, म्हणजे भोकात बसणाऱ्या रबरी कड्या, घातले, उरलेल्या फटी दबणाऱ्या रबरी पोटीनं भरल्या. मग पायाखाली आणि त्या भिंतीवर जड व्हिनाईलची चादर, चौरस मीटरला पाच किलोची, आणि तिच्याखाली पाणी न पिणारा पातळ फोम. दीड चौरस मीटर झाली, म्हणजे साडेसात किलो. हलक्या गाडीत वजन वाढवायचं जिवावर येतं, भाचाही कुरकुरला. पण तिथं घातलेला प्रत्येक किलो मशीनच्या पन्नास वॉटांपेक्षा जास्त काम करतो, हे मी त्याला पटवलं.

फोम पाणी पिणारा नको, हे मुद्दाम सांगतो. उघड्या टपाच्या गाडीत आषाढात पाणी येणारच. गादीचा साधा फोम घातला तर तो भिजून राहतो, खालचं लोखंड गंजतं आणि वास जात नाही. दाराच्या तळाला पाणी जायला बारीक भोकं असतात, ती कधीच बुजवायची नाहीत.

आणि डांबराची शीट नको. छत गळतं म्हणून स्लॅबवर लावतात ती चंदेरी पट्टी स्वस्त मिळते, दिसतेही ब्युटाईलसारखीच. काहीजण तीच दारात चिकटवतात. आपल्याकडे मे महिन्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, ते आपण रोज पाहतो. साधं डांबर ५० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं, आणि नागपूर-चंद्रपूरकडच्या उन्हात उभ्या गाडीचं पोट त्याच्या पुढे सहज जातं. शीट घसरून दाराच्या तळाशी गोळा होते, काच वर-खाली करायच्या यंत्रात अडकते आणि केबिनभर डांबराचा वास सुटतो. शीट हातात घेऊन वास घ्या. डांबराचा उग्र वास आला तर ठेवून द्या.

अर्थिंगची चूक

आता वीज. या गाडीत सगळ्यात जास्त दिवस इथं गेले.

भाच्यानं मला विचारायच्या आधीच शहरातल्या एका दुकानात मशीन बसवून घेतलं होतं. लाल वायर बॅटरीवरून आणली, काळी वायर जवळच्या एका स्क्रूला कसली. मशीन चालूच होईना. बसवणारा म्हणाला, "भाऊ, अर्थिंग बरोबर हाय, मशीनच खराब दिसते." तो खोटं बोलत नव्हता. शेकडो गाड्यांत त्यानं असंच केलं होतं आणि चाललं होतं, कारण त्या गाड्यांची बॉडी लोखंडाची. लोखंडी गाडीत बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला जोडलेला असतो आणि अख्खी बॉडी परतीची वायर म्हणून काम करते. फायबरमधून वीज जातच नाही. त्या स्क्रूला कसलेली वायर म्हणजे हवेत लोंबणारी वायर.

मग त्यांनी ती सीटच्या लोखंडी कानाला लावली. मशीन चालू झालं, पण एक बारीक कूं ऐकू येऊ लागली. एक्सीलेटर दिला की तिचा सूर वर चढायचा. मंडपाच्या धंद्यात आम्ही याला 'हम' म्हणतो, आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं. दोन यंत्रांचं अर्थिंग दोन वेगळ्या जागी असतं, त्या दोन जागांत थोडा व्होल्टेजचा फरक राहतो, आणि तो फरक सिग्नलच्या वायरमधून वाहू लागतो. गाडीत बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर इंजिनबरोबर फिरतो, म्हणून त्याची कूंही इंजिनबरोबर चढते. इथं सीटच्या बोल्टखाली गंजाचा पापुद्रा होता.

इलाज साधा आहे, पण अर्धवट करून चालत नाही. बॅटरीच्या निगेटिव्हवरून लाल वायरीएवढीच जाड काळी वायर थेट मशीनपर्यंत आणली, आणि टेपचं, म्हणजे डॅशबोर्डमधल्या गाणी लावायच्या यंत्राचं, अर्थिंगही तिथंच, त्याच एका बिंदूवर जोडलं. सिग्नलची वायर डाव्या बाजूनं आणि विजेची उजव्या बाजूनं नेली. कूं गेली.

वायर किती जाड? चार स्पीकरांना खरे ५०-५० वॉट देणारं मशीन धरा, म्हणजे २०० वॉट. हल्लीचं डी क्लासचं मशीन ऐंशी टक्क्यांच्या आसपास वीज कामाला लावतं, म्हणजे ओढणार २५० वॉट. चालू गाडीत व्होल्टेज १३.८ धरलं तर १८ अँपियर. गाण्यात एवढा ओढा क्षणभरच असतो, पण वायर त्या क्षणासाठीच घ्यायची. शुद्ध तांब्याची ८ ते १० चौरस मिलिमीटरची वायर इथं पुरते. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर फार आहे. ब्लेडनं एक तार खरवडून पाहा, आत पांढरी निघाली आणि जुडगा हातात हलका लागला की समजायचं. ती वापरायचीच असेल तर दीडपटीहून जास्त जाड लागेल.

फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या, फार तर दोन वितींच्या आत लावायचा. मशीनजवळ नाही. फ्यूज मशीन वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. बॅटरीपासून मशीनपर्यंतची चार-पाच मीटर वायर कुठंही घासून उघडी पडली तर ठिणगी तिथं पडते, आणि फायबर पेट घेतं. कापसाच्या गंजीशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीत ही गोष्ट मी कोणालाही टाळू देणार नाही. हिवाळ्यात उंदरंही वायर कुरतडतात, म्हणून सगळी वायर जाड नळीतून न्यायची.

रेडिओचंही असंच. एफएमची साधी एरियल साधारण पाऊण मीटरची असते, आणि तिचा उरलेला अर्धा भाग म्हणजे तिच्याखालचा गाडीचा पत्रा. फायबरच्या गाडीत तो पत्राच नाही, म्हणून स्टेशन येतं-जातं. एरियलच्या बुडाशी, फायबरच्या आतल्या बाजूनं तांब्याची जाळी चिकटवून तिला एरियलच्या वायरीवरचं जाळीचं वेष्टण जोडलं, की फरक लगेच कळतो. लोखंडी बोनेट स्पार्क प्लगची खरखर काही प्रमाणात आतच अडवतं, फायबरचं अडवत नाही. त्यासाठी रेझिस्टर असलेले प्लग घालायचे.

आता स्पीकर

एवढं झाल्यावर स्पीकर आणि मशीन. हा भाग लोकांना सगळ्यात मोठा वाटतो, मला तो लहान वाटतो.

टेपच्या डब्यावर ५० वॉट गुणिले ४ लिहिलेलं असतं. आतला साधा अँप्लिफायर १४ व्होल्टावर चालतो, आणि त्या व्होल्टेजवर ४ ओहमच्या स्पीकरला २५-२६ वॉटांच्या वर स्वच्छ ताकद देणं गणितातच बसत नाही. प्रत्यक्षात १५ ते २० मिळतात. वेगळं मशीन आतमध्ये व्होल्टेज वाढवून घेतं, म्हणून ते जास्त देऊ शकतं. खरेदी करताना 'आरएमएस', म्हणजे सतत मिळणाऱ्या ताकदीचा आकडा पाहायचा, 'मॅक्स' किंवा 'पीक' लिहिलेलं वाचायचंच नाही.

पण वॉटांच्या आधी स्पीकरची सेन्सिटिव्हिटी पाहा. १ वॉट दिल्यावर १ मीटरवर तो किती डेसिबल देतो, तो आकडा. ८६ आणि ९२ मध्ये ६ डेसिबलचा फरक, म्हणजे ताकदीत चौपट. ९२ चा स्पीकर २० वॉटांवर जेवढं गातो, तेवढं गायला ८६ च्या स्पीकरला ८० वॉट लागतात. पूर्वी एका लहान मशीनवर झाडाला बांधलेला भोंगा पलीकडच्या गावाला ऐकू जायचा, तो याच आकड्याच्या जोरावर. त्याची सेन्सिटिव्हिटी १०५ च्या घरात असायची. त्याचा आवाज गोड नव्हता, पण हिशोब पक्का होता.

दुसरी गोष्ट अंतराची. उघड्यावर स्पीकर निम्म्या अंतरावर आणला की ६ डेसिबल फुकट मिळतात. मॅझ्दाच्या एमएक्स-५ या उघड्या टपाच्या छोट्या गाडीत कंपनी सीटच्या हेडरेस्टमध्येच स्पीकर देते, ते उगाच नाही. आम्ही ट्विटर, म्हणजे वरच्या सुरांचे छोटे स्पीकर, दारातून काढून डॅशबोर्डच्या कोपऱ्यात, कानाच्या दिशेनं वळवून बसवले. गाणाऱ्याचे शब्द त्या दिवशी परत आले.

दारातल्या मोठ्या स्पीकरचं दुखणं वेगळं. स्पीकरचा पडदा पुढे आला की पुढची हवा दाबली जाते आणि मागची ओढली जाते. दाराच्या आतल्या बाजूला मोठी भोकं असतील तर पुढची हवा वळसा घालून मागे जाते आणि बेस तिथंच मरतो. ढोलकीचं एक तोंड फाटल्यासारखं. भोकांवर प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची ताठ पट्टी बसवून कडा बंद केल्या, त्याच स्पीकरमधून बेस येऊ लागला. मग मी मोबाईलवरून खालपासून वर चढत जाणारा एकच सूर लावला, आणि भाचा दारावर, डॅशबोर्डवर, सीटमागे तळहात दाबत फिरला. जिथं दाबल्यावर खुळखुळ थांबायची, तिथं खडूची खूण. अकरा खुणा झाल्या. त्यातल्या सहा सैल स्क्रू निघाले, एक मागच्या खणात घरंगळणारा पाना.

बेसच्या डब्याबद्दल एकच. बंद गाडीत खालचा बेस आपोआप वाढतो, कारण छोट्या बंद खोलीत ती हवा जाणार कुठं? टप उघडला की ही फुकटची वाढ संपते. त्यामुळे एकच सेटिंग दोन्हीकडे चालत नाही. आम्ही सीटमागे आठ इंची, बंद डब्याचा बेस ठेवला आणि त्याची कमी-जास्त करायची कळ हाताशी आणली. ८० हर्ट्झच्या खालचं सगळं त्याच्याकडे, वरचं दारांकडे. दारातल्या लहान स्पीकरच्या डोक्यावरचं ते ओझं उतरलं की तो न फाटता जास्त मोठा गातो.

मशीनवरची 'गेन' म्हणजे आवाज वाढवायची चावी, हा समज सगळीकडे आहे. गेन फक्त टेपचा सिग्नल आणि मशीन यांचा मेळ बसवते. ती जास्त केली की सुराची टोकं कापली जातात. कापलेला सूर कानाला कर्कश लागतो आणि ट्विटर त्यानंच जळतात. इक्वलायझरमध्येही, म्हणजे खालचे-वरचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करायच्या सेटिंगमध्ये, जे कमी ऐकू येतं ते वर चढवण्यापेक्षा जे बोचतं ते खाली घ्यावं. आणि दोन्ही बाजूंचा आवाज एकदम पोचण्यासाठी जवळच्या स्पीकरला थोडा उशीर द्यावा. उजवा स्पीकर ८० सेंटिमीटरवर आणि डावा १३० वर असेल, तर फरक ५० सेंटिमीटर, म्हणजे उजव्याला साधारण दीड मिलिसेकंद. ४५ अंशांच्या उन्हात आवाज सेकंदाला ३५८ मीटर धावतो, २० अंशांत ३४३, पण या फरकानं सेटिंग बदलायची गरज पडत नाही.

कानाचं मात्र भाच्याला बसवून सांगितलं. ८५ डेसिबलमध्ये आठ तास हा अमेरिकेतल्या निऑश या संस्थेनं कामगारांसाठी घातलेला बांध आहे, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. ८० च्या गोंगाटावर गाणं चढवायला गेलं की माणूस नकळत ९० च्या पुढे जातो. माझ्या उजव्या कानाला भोंग्यांनी काय केलं, ते घरात सगळ्यांना माहीत आहे. मला टीव्ही नेहमी एका बाजूला मान करून ऐकावा लागतो. मागून येणारी रुग्णवाहिका आणि ट्रॅक्टरचा हॉर्न ऐकू आलाच पाहिजे, ही दुसरी अट.

परवा टप लावून यवतमाळला गेलो. साठच्या वेगात गाणारा दोन ओळींच्या मध्ये श्वास घेतो तो ऐकू आला, आणि खंजिरीवर अंगठा घासतो तोही. सत्तरला श्वास गेला, शब्द राहिले. नव्वदला शब्दही विरळ झाले, तेव्हा भाच्यानं स्वतःच गाणं बंद केलं आणि इंजिन ऐकत बसला. चालकाच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यातली शिट्टी अजून पूर्ण गेलेली नाही. तिथलं रबर या गाडीचं मिळत नाही. दुसऱ्या गाडीचं कापून बसवायचं आहे, त्यासाठी फटीत ओली शाडू दाबून तिचा साचा काढून ठेवला आहे.